न्यूक्लिअर मेडिसिन बंद होतंय, भंगारवाला दारात

रामदासपेठ_टेक: आमच्या हॉस्पिटलमधला न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजे किरणोत्सारी औषधांचा विभाग बंद होऊन राहिला. एक गॅमा कॅमेरा (पेशंटच्या अंगातल्या त्या औषधाचे फोटो काढणारा), किरणोत्सारी आयोडीन थेरपीच्या दोन खोल्या, खाली डिले टँक (त्या खोल्यांचं सांडपाणी साठवणारी टाकी). मॅनेजमेंट म्हणते महिनाअखेर जागा रिकामी करा, डायलिसिस आणायचंय. आरएसओ (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) मॅडम १५ तारखेला सोडून चालल्या. हॉट लॅबमधलं (किरणोत्सारी औषधं हाताळायची खोली) शिसं तर भंगारवाला किलोवर मागून गेला. सुरुवात कुठून करू?

धंतोलीचे_काका: भाऊ, मॅडमना थांबवा. किरणोत्सारी स्रोत जागेवर आहेत तोवर आरएसओ हवाच. विभाग बंद करायला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगी लागते, अर्ज त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर.

स्कॅनच्या टेक्नेशियमची काळजी नको. अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा वेळ) ६ तास, म्हणजे अडीच दिवसांत दहा अर्धायुष्यं संपतात, उरतं नगण्य. आयोडीन-१३१ चं ८ दिवस, तिथे ८० दिवस धरा. शेवटचा डोस कधी दिला? टँकमधलं पाणी मोजल्याशिवाय गटारात सोडू नका. महिनाअखेर विसरा म्हणा साहेबांना.

खरी डोकेदुखी छोट्या सीलबंद स्रोतांची. आमच्याकडे रजिस्टरात तीन होते, हाती दोनच. तिसरा सीझियम-१३७, डोस कॅलिब्रेटर (औषधाचा डोस मोजायचं यंत्र) तपासायचा. ३० वर्षांनी कुठे निम्मा होतो तो! भर मे महिन्यात, कूलर बंद पडलेला, सर्व्हे मीटर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) घेऊन तीन दिवस फिरलो. सापडला कपाटात, संत्रा बर्फीच्या डब्यात. लेड पॉटचं (शिशाच्या डब्याचं) झाकण तुटलं म्हणून कुणीतरी तिथे ठेवला होता, बाप्पा!

कॅमेऱ्यात स्वतःचा स्रोत नसतो. पण शिशाची प्रत्येक वीट मोजा, वाइप टेस्ट (पुसून किरणोत्सार लागलाय का ते बघणं) घ्या, रेडिएशनचे स्टिकर खरवडून काढा, मगच भंगारवाला.

सीताबर्डी_फिजिक्स: साहेब ऐकत नसतील तर दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजाराचं सांगा. २०१० साली दिल्ली विद्यापीठाचं जुनं गॅमा इरॅडिएटर (किरणांचा मारा करायचं यंत्र) लिलावात गेलं, भंगारात कोबाल्ट-६० उघडं पडलं, एक कामगार गेला.

धंतोलीचे_काका: त्यांचा स्रोत आपल्यापेक्षा कितीतरी मोठा होता, उगाच घाबरवू नका. पण वाट तीच, लिलाव आणि भंगार.

रामदासपेठ_टेक: काका, मॅडम थांबताहेत. आयोडीनचा शेवटचा पेशंट मागच्याच आठवड्यातला निघाला. रजिस्टरात कोबाल्ट-५७ चा फ्लड सोर्सपण (कॅमेरा तपासायचा सपाट स्रोत) आहे, २०१९ चा. पुरवठादाराला परत पाठवल्याची पावती नाही. कॅमेऱ्यामागच्या लोखंडी कपाटाची किल्ली शोधून राहिलो.