मदत हवी आहे: डोपामिनचं गणित सुटत नाहीये, सोमवारी इंटर्नल आहे

गोदाकाठ_२२
बीएस्सी नर्सिंग, सेकंड इयर, नाशिक. एकाच गणितावर दोन रात्री गेल्या. डोपामिन, म्हणजे बीपी वाढवायचं औषध, ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, पेशंट ६० किलो. माझं उत्तर ०.०७५ येतं, मॅडमनी फळ्यावर ४.५ लिहिलं होतं. चारदा केलं, तेच येतंय. सूत्र नका पाठवू, ते आहे माझ्याकडे. कुठे चुकतंय तेवढं सांगा.

पंचवटीकर
किती मिलीत मिसळलंय? ते लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार?

सलाईनवाला_दादा
सोपं आहे. एकूण मिली गुणिले सलाईनच्या सेटचे एका मिलीचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिली ४ तासांत द्यायचं, २० थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. एवढं पाठ कर, पास होशील.

वॉर्ड_नंबर_सात
दादा, सगळे सेट २० चे नसतात. आमच्याकडे १५ चा यायचा, त्यावर तेच ३१ थेंब होतात. आधी पाकीट वाचायला शिकवा, मग पाठांतर.

सलाईनवाला_दादा
अकरा वर्षं काम करतोय, २० चाच बघितलाय.

गोदाकाठ_२२
अहो मी थेंबांचं विचारलंच नाही! सिरिंज पंपावर आहे, सिरिंजमधलं औषध हळूहळू ढकलणाऱ्या मशीनवर. २०० मिलिग्रॅमची अँप्युल (औषधाची छोटी काचेची कुपी), ५० मिलीची सिरिंज. मला वाटलं हे सगळ्यांना माहीत असतं.

रात्रपाळी_आयसीयू
बाळा, तुझं गणित बरोबर आहे. ५ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.३ मिलिग्रॅम. २०० मिलिग्रॅम ५० मिलीत, म्हणजे १ मिलीत ४ मिलिग्रॅम. ०.३ भागिले ४ केलं की ०.०७५. पण हे एका मिनिटाचे मिली झाले. पंपावर तासाचा आकडा टाकतात. ६० ने गुण, ४.५ येईल. उत्तरापुढे एकक लिहिलं असतंस तर पहिल्याच रात्री दिसलं असतं.

वॉर्ड_नंबर_सात
आणि अँप्युल ५ मिलीची असते. ती ५० मिली सलाईनमध्ये ओतली तर ५५ होतात आणि त्याच डोससाठी पंपावर ४.५ ऐवजी ४.९५ लागतं. ४५ सलाईन अधिक ५ औषध, असं भरायचं.

साखर_सांभाळा
इन्सुलिनचंही लक्षात ठेवा. लाल टोपीची सिरिंज मिलीला ४० युनिटची, केशरी १०० ची. १०० ची बाटली लाल सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरली तर डोस अडीचपट जातो. वडिलांच्या बाबतीत घरी थोडक्यात टळलं, म्हणून सांगते.

काका_सिडको
माझी मुलगी बारावीला आहे, गणित कच्चं. बीएस्सी नर्सिंगला घालू की जीएनएमच्या नर्सिंग डिप्लोमाला?

पंचवटीकर
काका, वेगळा धागा काढा. बीएस्सी चार वर्षांची, पदवी म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. जीएनएम तीन वर्षांचं. डोसचं गणित दोन्हीकडे आहे.

रात्रपाळी_आयसीयू
अजून एक, ०.५ लिहिताना ठिपक्याआधी शून्य हवंच आणि ५ ला ५.० कधीच लिहायचं नाही. माझ्या पहिल्या नोकरीत घाईघाईत लिहिलेल्या ५.० मधला ठिपका दिसला नाही आणि मी ५० भरायला निघाले. शेजारच्या सिस्टरनी हात धरला. अजून आठवलं की छातीत धस्स होतं. आजही जास्त जोखमीचं औषध मी दुसरीला दाखवल्याशिवाय लावत नाही.

गोदाकाठ_२२
ताई, खूप खूप आभार. मीच एक बनवून सोडवलं, बघाल का? १० मायक्रोग्रॅम, ४५ किलो, तेवढंच मिश्रण. मिनिटाला ४५०, तासाला २७ मिलिग्रॅम, भागिले ४, म्हणजे ६.७५.

रात्रपाळी_आयसीयू
६.७५ काय?

गोदाकाठ_२२
मिली प्रति तास!