कुपी रिकामी नसते, पण उघडण्याची घाई नको

प्रयोगांसाठी विकत घेतलेल्या प्रथिनाच्या कुपीत काहीच दिसत नाही, मग पैसे कशाचे मोजले, हा प्रश्न रास्त आहे. दहा मायक्रोग्रॅम गोठवून सुकवलेले प्रथिन काचेवर अदृश्य थरासारखे बसलेले असते, किंवा प्रवासात हादरून झाकणाला चिकटलेले असते. म्हणून उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूज या वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात थोडा वेळ फिरवून घ्यावी. त्याहीआधी ती फ्रीजरमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत जुलैमध्ये एसी बंद पडला असताना मी थंडगार कुपी तशीच उघडली आणि हवेतले बाष्प आत जाऊन तो थर डोळ्यांदेखत चिकट झाला.

ई. कोलाय या जिवाणूत बनवलेले मानवी प्रथिन निकृष्ट असते, हे सरसकट केले जाणारे विधान मात्र मला मान्य नाही. टीएनएफ-अल्फा हे दाह घडवणारे प्रथिन त्या जिवाणूत बनवूनही उत्तम काम करते. तांबड्या रक्तपेशींची निर्मिती वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनला शरीरात टिकण्यासाठी शर्करासाखळ्या लागतात आणि त्या ई. कोलाय जोडत नाही, म्हणून ते सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवतात. खरी धास्ती एंडोटॉक्सिनची, म्हणजे त्या जिवाणूच्या आवरणातून प्रथिनात मिसळणाऱ्या विषारी घटकाची. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी त्याच्या अत्यल्प अंशानेही चेततात, आणि आपण श्रेय प्रथिनाला देऊन बसतो. थोडा नमुना उकळून तोच प्रयोग करून पाहावा: प्रथिन सहसा निकामी होते, एंडोटॉक्सिन टिकते, त्यामुळे प्रतिसाद तसाच राहिला तर संशय एंडोटॉक्सिनवर घ्यावा.

विरघळवल्यावर लहान वाटे करून उणे ८० अंशांवर ठेवावेत. पुन्हा पुन्हा गोठवू नये.