चव्वेचाळिसाव्या वर्षी हायस्कूल म्युझिकल बघितला आणि (शप्पथ) आवडला!

शनिवारचा_बाबा

आधीच सांगतो, हा कबुलीजबाब आहे, तेव्हा हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या.

लेक अकरा वर्षांची, दिवाळीची सुट्टी, बाहेर पाऊस (दिवाळीत पाऊस ही आता रीतच झालीय), आणि रिमोट तिच्या हातात. तिने हायस्कूल म्युझिकल लावला, २००६ चा, पहिला. मी मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसलो होतो, मनात म्हटलं दीड तास ईमेल उरकू. हा सिनेमा आला तेव्हा मी पंचविशीत होतो आणि असल्या गोष्टींना नाकं मुरडायचं माझं वय होतं, त्यामुळे तेव्हा पोस्टर बघूनच "श्या" म्हणून सोडून दिला होता.

ज्यांनी नाही बघितला त्यांच्यासाठी: ट्रॉय हा शाळेच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन, त्याचा बापच कोच. गॅब्रिएला ही नवीन आलेली हुशार मुलगी, गणित-विज्ञानवाली. दोघं थर्टीफर्स्टला एका रिसॉर्टवर जबरदस्तीने कराओकेत एकत्र गातात, मग योगायोगाने एकाच शाळेत, मग शाळेच्या संगीत नाटकाच्या ऑडिशनला उभे राहतात आणि सगळी शाळा हादरते. बास. गोष्ट एवढीच, पुढचं सगळं तुम्ही डोळे मिटून सांगाल.

मोबाईल खाली ठेवला तो जिममधल्या गाण्याला. पोरं बॉल आपटतायत, बुटांचा चुईंचुईं आवाज येतोय, आणि त्या आपटण्याचाच ठेका होतो, त्यावर ट्रॉय गायला लागतो की बाबा रे खेळात लक्ष दे, खेळात लक्ष दे, आणि लक्ष तर लागत नाहीये. म्हणजे गाणं मधे येत नाही, गोष्टच गाण्यातून पुढे जाते. दिग्दर्शक केनी ऑर्टेगा, मूळचा नृत्यदिग्दर्शक, डर्टी डान्सिंगचे नाच याचेच. त्याला जुन्या हॉलिवूडमधला मोठा नर्तक जीन केलीबरोबर झॅनाडू सिनेमाच्या वेळी काम करायला मिळालं होतं आणि ते शिक्षण दिसतं राव, कॅमेरा पाय कापत नाही, पोरं अख्खी दिसतात नाचताना. आजकाल आपल्याकडे गाण्यात दर दीड सेकंदाला कट असतो, नाचता येतं की नाही तेच कळत नाही.

दुसरी गंमत म्हणजे केल्सी. चष्मेवाली, घाबरट, शाळेच्या नाटकाचं संगीत हिनेच लिहिलंय. तिचं एक गाणं शार्पे आणि रायन ही नाटकवेडी भावंडं ऑडिशनला एकदम फास्ट, चकाचक करून म्हणतात, हातवारे वगैरे. ती बिचारी सांगायला जाते की मी हे संथ लयीत योजलं होतं, तर शार्पे तिला झाडते. नंतर ट्रॉय आणि गॅब्रिएला तिच्या पियानोपाशी तेच गाणं तिच्या मनातल्या लयीत गातात. तीच चीज, फक्त लय बदलली, आणि कोण खरं गातंय ते कळलं. एकही वाक्य न बोलता. इथे माझ्या घशात काहीतरी अडकलं हे मान्य करतो, लेकीला सांगितलं फरसाण आहे.

आणि तो बाप! वीस वर्षांपूर्वी बघितला असता तर मी ट्रॉयच्या बाजूने असतो. आता कोचकडेच बघत होतो सारखा. त्याला काय चुकतंय तेच कळत नाही बिचाऱ्याला.

तर मला हा सिनेमा आवडला. "गिल्टी प्लेजर" नाही म्हणणार. चांगला आहे म्हणून आवडला. या आता.

खडूस_काका

आवडला ना? आनंद आहे. मला पण स्टँडवरचा बर्फाचा गोळा आवडतो, म्हणून मी त्यावर रसग्रहण लिहित नाही.

अहो हा सिनेमा नाही, दुकान आहे. सुमारे ४२ लाख डॉलरमध्ये टीव्हीसाठी बनवला, पहिल्या रात्री अमेरिकेत ७७ लाख लोकांनी बघितला म्हटल्यावर मालकाचे, म्हणजे डिस्नेचे, डोळे लकाकले. मग अल्बम, तो २००६ मध्ये अमेरिकेत सर्वात जास्त खपलेला, मग कॉन्सर्ट टूर, मग बर्फावरचा शो सुद्धा, मग दुसरा भाग, मग तिसरा थेटरात, मग २०१९ ला मालिका. डबे, दप्तरं, पेन्सिली वेगळंच. पात्रं कशी आहेत बघा, एक खेळाडू, एक हुशार, एक गुलाबी कपड्यातली खाष्ट. लहान मुलांच्या पत्त्यांच्या कॅटसारखी. कुणाला पिंपल नाही, कुणाच्या घरी भांडण नाही, कुणी नापास नाही. शाळेत गेलेला माणूस हे लिहूच शकत नाही.

रंगपटातली_मीनल

काका, नापास-बिपास पाहिजे तर वेगळा सिनेमा बघा की! संगीतप्रधान गोष्टीत माणसं टाइपच असतात हो. सौभद्रातला नारद काय मानसशास्त्रीय खोलीचा आहे का? १८८२ पासून लोक बघतायत.

मी कॉलेजात तीन वर्षं पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला बॅकस्टेज केलंय, त्यामुळे सांगते की ऑडिशनचा कागद भिंतीवर लागतो आणि आपलं नाव शोधताना जे पोटात होतं ना, ते या सिनेमात बरोब्बर आहे. आणि शार्पे मला अजिबात खलनायिका वाटत नाही, ती एकटीच त्या शाळेत नाटक सिरियसली घेते! वर्षानुवर्षं मेहनत केली, आणि एक दिवस बास्केटबॉलवाला येऊन फुकटात लीड घेऊन जातो. आमच्याकडे असं झालं होतं, क्रिकेट टीमचा एक जण आला, दिसायला देखणा, दोन वाक्यं नीट बोलता येत नव्हती, आणि लीड त्याला. मी अजून विसरले नाहीये. #टीमशार्पे

अर्धवटराव

मीनलताई +१. शार्पेने कॉलबॅकची (ऑडिशनच्या दुसऱ्या फेरीची) वेळ बदलून मॅच आणि विज्ञानस्पर्धेच्या वेळेवर आणली हे मात्र चूकच, पण मग ट्रॉयच्या गँगने काय केलं, कॉम्प्युटरवरून जिमची वीज घालवली आणि मॅच थांबवली! तिकडे स्पर्धेच्या हॉलमध्ये घाण वास सोडून सगळ्यांना बाहेर काढलं. ही सज्जन पार्टी. आमच्या शाळेत असं केलं असतं तर पालकांना बोलावलं असतं आणि पुढचं वर्षभर फिनाईलच्या वासात बाकं पुसली असती.

खडूस_काका

@रंगपटातली_मीनल सौभद्र आणि हायस्कूल म्युझिकल एका वाक्यात! किर्लोस्करांची क्षमा मागा आधी. त्या पदांना राग आहेत, ताल आहेत, गाणारा तिथे उभा राहून स्वतःच्या गळ्याने गायचा. इथे तर तुमचा तो ट्रॉय गातच नाहीये! पहिल्या भागात त्याचा गाण्याचा आवाज बराचसा ड्रू सीली नावाच्या दुसऱ्याच गायकाचा आहे. हीरो नुसते ओठ हलवतोय. आणि सिनेमा कशावर? तर आपला खरा आवाज शोधा यावर!! हसून हसून पुरेवाट.

सुरेल_बेसूर

काका हे तुम्ही बोलताय? ज्यांच्या प्रोफाईलमध्ये जुन्या हिंदी गाण्यांच्या याद्या आहेत?

अमेरिकेत यावर गवगवा झाला ते समजू शकतो, त्यांच्याकडे पडद्यावरचा माणूस गात नसेल तर फसवणूक वाटते. आपण प्लेबॅकवर वाढलेली माणसं. कोण ओठ हलवतंय आणि कोण गातंय हे वेगळं असतं हे आपल्याला पाळण्यापासून माहीत आहे आणि आपण दोघांवरही प्रेम करतो. सीलीचा आवाज ट्रॉय झालेल्या झॅक एफ्रॉनच्या चेहऱ्याला बसला की नाही एवढंच बघायचं, आणि बसलाय. तो सीली नुसता आवाजापुरता नव्हता, धागाकर्त्याने ज्या जिमच्या गाण्याचं कौतुक केलंय ते लिहिण्यात पण त्याचा वाटा आहे. कॉन्सर्ट टूरला सुद्धा एफ्रॉन हेअरस्प्रे सिनेमाच्या शूटिंगमध्ये अडकला म्हणून हाच गेला. पुढच्या भागांत एफ्रॉन स्वतः गायला. मला विचाराल तर पहिलाच बरा गातो, म्हणजे दुसराच, म्हणजे कळलं ना.

आणि दुकानाचं म्हणाल तर गंधर्व नाटक मंडळी काय धर्मादाय होती? तिकिटं विकूनच चालायची, भरजरी शालू आणि अत्तरं यात कर्जबाजारी झाली ते वेगळं. डिस्ने त्या बाबतीत हुशार म्हणायची.

उटाहचा_पाहुणा

अवांतर: गोष्ट अल्बुकर्कीची दाखवलीय पण शूटिंग सॉल्ट लेक सिटीतलं, ईस्ट हाय ही खरीखुरी चालू शाळा आहे. पुण्याहून भाची आली होती उन्हाळ्यात, तिला टेंपल स्क्वेअर नको, खारं तळं नको, फक्त ती शाळा. बाहेरून फोटो काढले तर बाजूला अजून दोन कुटुंबं तेच करत होती, त्यातल्या एका बापाचा आणि माझा चेहरा सेम होता, की आपण इथे काय करतोय. मग घरी येऊन सिनेमा बघितला आणि हो, मलाही आवडला. अजून एक, ग्रीस नावाच्या सिनेमात तिशीच्या आसपासची माणसं शाळेतली म्हणून नाचतात, इथे शूटिंगच्या वेळी एफ्रॉन १७ चा आणि गॅब्रिएला झालेली व्हेनेसा हजेन्स १६ ची होती. म्हणून ती अवघडलेली दिसतात, ते अवघडणं शिकवून येत नाही.

मधली_सुट्टी

मी इथे जरा मिठाचा खडा टाकते.

सगळे त्या कँटीनच्या गाण्याचं कौतुक करतात, मला तेच खुपतं. एक खेळाडू कबूल करतो की त्याला केक-बिस्किटं करायला आवडतात, एक अभ्यासू मुलगी म्हणते मला हिपहॉप आवडतं, एक स्केटबोर्डवाला म्हणतो मी चेलो वाजवतो, आणि बाकी सगळे त्यांना गप्प बसवतात की आहे तसं राहू द्या. आपल्या भाषेत सांगायचं तर पायरी ओळखून राहा. अमेरिकन शाळेत हा विनोद होतो कारण त्या टेबलावरून या टेबलावर जायला फक्त हिंमत लागते. मी जिथे वाढले तिथे मधल्या सुट्टीत कोण कुणाच्या डब्यातलं खातं आणि कुणाच्या नाही, हे छंदावरून ठरत नव्हतं. आणि गाणं म्हटल्याने सुटतही नव्हतं. त्यामुळे शेवटी सगळे जिममध्ये एकत्र नाचतात तेव्हा मला छान वगैरे वाटत नाही, मला वाटतं इतकं सोपं?

आणि बरं, सिनेमाच्या आत तरी सोपं होतं का? टेलरचं, म्हणजे गॅब्रिएलाच्या मैत्रिणीचं, काम केलेली मोनिक कोलमन, तिचे ते हेअरबँड आठवतात ना, प्रत्येक सीनला वेगळा? तिने २०२१ मध्ये सांगितलं की सेटवर तिचे केस पुढून नीट केलेच नव्हते, काळ्या मुलीचे केस कसे हाताळायचे ते त्यांना जमत नव्हतं, म्हणून तिनेच सुचवलं की हेअरबँड घालू दे, पात्राचा भाग वाटेल. आणि रायनबद्दल खुद्द ऑर्टेगाने २०२० मध्ये सांगितलं की तो पुढे कॉलेजात गेल्यावर आपण गे आहोत हे बहुतेक उघडपणे सांगेल असं त्याच्या मनात होतं, पण तेव्हा डिस्ने त्याला तयार असेल असं त्याला वाटलं नाही. म्हणजे चौकटी मोडा म्हणणाऱ्या सिनेमात कोणती चौकट मोडायची ते वरून ठरलेलं. केक चालेल, बाकी राहू द्या.

सिनेमा वाईट आहे असं म्हणत नाहीये. माझ्या मुलालाही गाणी पाठ आहेत. पण "चांगला आहे म्हणून आवडला" एवढ्या जोरात म्हणू नका.

अर्धवटराव

हेअरबँडचं माहीतच नव्हतं. च्यायला.

रंगपटातली_मीनल

मधली_सुट्टी, पटलं बरंचसं. पण रायनबद्दल थोडं वेगळं सांगते. माझा एक मित्र आहे, तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता, निमशहरात, घरी बोलायची सोय नाही. तो म्हणतो की पडद्यावर झगमगीत टोपी घालून मनसोक्त नाचणारा मुलगा आहे आणि सिनेमा त्याला शिक्षा करत नाही, एवढंही त्याने तोवर बघितलं नव्हतं. हिंदीत तेव्हा असं पात्र आलं की ते चेष्टेलाच. डिस्ने घाबरली हे खरं, पण जे निसटून आलं ते पण कुणाला तरी पुरलं. कमीच होतं, मान्य.

खडूस_काका

मधली_सुट्टी यांचा प्रतिसाद या धाग्यातला एकमेव मुद्द्याचा. बाकी फरसाण.

@सुरेल_बेसूर प्लेबॅकचा मुद्दा लागला, मान्य करतो, पण प्लेबॅकमध्ये पाटीवर गाणाऱ्याचं नाव ठळक असतं, आणि आम्ही गाणं त्याच्याच नावाने ओळखतो. इथे पोरांना कित्येक दिवस पत्ताच नव्हता. सीलीवर अन्याय झाला यावर तरी एकमत करा.

सुरेल_बेसूर

यावर बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). आणि काका, आपल्याकडेही सुरुवातीला रेकॉर्डवर पात्राचंच नाव यायचं हो, आयेगा आनेवालाच्या रेकॉर्डवर लताबाईंच्या जागी कामिनी छापलं होतं, १९४९. तेही भांडूनच सुटलं.

शनिवारचा_बाबा

कामात होतो, आत्ता सगळे प्रतिसाद वाचले. काका, पिंपल नाहीत हे मान्य. दुकान हे पण मान्य, लेकीची वॉटरबॅग साक्षीला आहे.

मधली_सुट्टी, तुम्हाला उत्तर द्यायला बसलो आणि तीनदा खोडलं. मी तो कँटीनचा सीन बघताना हसलो होतो, आणि मला हसता आलं कारण आमच्या वर्गात मी कुठे बसायचो याचा मला कधी विचारच करावा लागला नाही. हे तुम्ही लिहिल्यावर लक्षात आलं. लयीचं जे म्हटलं ते मात्र मागे घेत नाही, ते गाणं त्या पियानोपाशी खरंच चांगलं आहे. दोन्ही एकाच सिनेमात आहे त्याला मी तरी काय करू.

काल लेकीने परत लावला (चौथ्यांदा), आणि मला आता फक्त हेअरबँडच दिसतात. तिला सांगितलं कारण. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मग दुसऱ्या पार्टमध्ये तिचे केस नीट केले का त्यांनी?"

म्हटलं माहीत नाही. आज रात्री जेवणानंतर लावणार आहोत, बघून सांगतो.