आरसेप नाकारून आपण नेमकं काय वाचवलं?

निर्यातवाला
कालच्या एका पोस्टमध्ये वाचलं, "२०१९ ला बँकॉकमध्ये आरसेप नाकारला म्हणून चिनी माल रोखला गेला." (आरसेप म्हणजे आग्नेय आशियातले देश, चीन, जपान, न्यूझीलंड वगैरेंचा मुक्त व्यापार करार.) डोकंच फिरलं. कुठे रोखला? करार नसतानाही २०२४-२५ मध्ये चीनशी व्यापारतूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. आणि २०२२ पासून आरसेपमधले देश एकमेकांचा कच्चा माल आपलाच धरून शुल्कसवलत घेतात. व्हिएतनामच्या कारखान्याला जपानला माल पाठवताना चिनी कच्चा माल आपलाच धरता येतो, भारतातला त्या हिशोबात बसत नाही. मग तो आपल्याकडून कच्चा माल का घेईल?

हिरवं_शिवार
न्यूझीलंडची दूध पावडर बिनशुल्क आली असती तर दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याने काय करायचं? माझ्या आईने दुधाच्या पैशावर आम्हाला शिकवलं. मला तुटीचे आकडे नका सांगू.

निर्यातवाला
जपानने आत राहून तांदूळ आणि दूध शुल्ककपातीतून वगळलंच ना? आपणही तेवढ्यासाठी भांडायचं होतं.

कस्टमचं_टेबल
शुल्काच्या दरावर काय भांडताय, घोडं अडतं उगमाच्या दाखल्यावर, म्हणजे माल कुठल्या देशात बनला त्या कागदावर. मी कस्टम ब्रोकरकडे काम करते. आसियानशी, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाशी, २०१० पासून करार आहे, पण २०२० च्या कॅरोटार नियमांनंतर (उगम तपासायचे कस्टमचे नियम) नुसता फॉर्म एआय, म्हणजे त्या करारातला उगमाचा दाखला, पुरत नाही. मालाचं ३५ टक्के मूल्यवर्धन आसियानमध्ये कसं झालं याची माहिती आयातदाराने ठेवायची. पुरवठादार आपला खर्च कशाला सांगेल? आमच्या एका छोट्या आयातदाराने शेवटी पूर्ण शुल्क भरून कंटेनर सोडवला, वर डिमरेज, म्हणजे माल बंदरात अडकून पडल्याचं भाडं.

मिरीचा_वेल
ते नियम उगाच आले का? व्हिएतनामची मिरी शुल्क चुकवायला श्रीलंकेची म्हणून येते, अशी ओरड आम्ही उत्पादक किती वर्षं करत होतो! २०१७ च्या डिसेंबरात किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत लावावी लागली. तोवर आमच्या घरची मिरी पडत्या भावात गेली होती. तुमच्या डिमरेजचं कौतुक नको.

कस्टमचं_टेबल
मिरी कुणीतरी फिरवली म्हणून मशीनचे सुटे भाग आणणाऱ्याला शिक्षा?

मिरीचा_वेल
तुम्ही लोकच असले कागद पुढे सरकवता.

कस्टमचं_टेबल
पुरावा असेल तर बोला, नाहीतर शब्द मागे घ्या.

मिरीचा_वेल
बरं, घेतले. तुमच्याबद्दलचे तेवढेच. तपासणी सैल करा म्हणाल तर अजिबात नाही.

कस्टमचं_टेबल
सैल कोण म्हणतंय? निर्यातदार देशात जाऊन पडताळणी करायची तरतूद आसियान करारात आहेच. संशय आला की तिथे माणसं पाठवा, छोट्या आयातदाराला दुसऱ्याच्या कारखान्याचा हिशोब मागू नका.

हिरवं_शिवार
जपानचा मुद्दा मानतो, नाइलाजाने. पण आपले वाटाघाट करणारे दुधासाठी शेवटपर्यंत अडून बसले असते, यावर माझा काडीचा विश्वास नाही.