मुंबईवरून पावडर ब्लू टँग मासा येतोय, ड्रिप करून थेट सोडू का आधी क्वारंटाइन?

रीफवाला_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. माझा 4 फुटी मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक आहे, दोन क्लाउनफिश, एक गोबी, झोअ‍ॅन्थस आणि थोडे सॉफ्ट कोरल, सध्या सगळं मस्त चाललंय. आता मुंबईच्या एका दुकानदाराकडून छोटा पावडर ब्लू टँग घ्यायचा विचार आहे. तो म्हणायलाय संध्याकाळी पॅक करून रात्रीच्या ट्रॅव्हल्सला टाकतो, सकाळी सोलापुरात उतरवून घ्या, म्हणजे मासा बारा-तेरा तास पिशवीत. क्वारंटाइन बिरंटाइन काही लागत नाही म्हणे, माझ्याकडे आठवडाभर राहिलेला मासा आहे, दोन तास ड्रिप करा (नळीने टँकचं पाणी थेंब थेंब माशाच्या पाण्यात) आणि सोडा. यूट्यूबवर एक जण ड्रिप करा सांगतो, दुसरा अजिबात करू नका सांगतो, डोक्याचं पार दही झालंय. त्यात हा मे महिना, दुपारी पंख्याखाली बसलं तरी भाजून निघतंय. जुना 2 फुटी टँक माळ्यावर पडून आहे, क्वारंटाइन करायचंच तर तो चालेल का आणि अजून काय काय लागेल?

खारंपाणी_पुणे

दोन तास ड्रिप अजिबात नको, का ते सांगतो. बंद पिशवीत मासा श्वास घेत राहतो, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली येतो, लांबच्या पार्सलमध्ये 7 च्या आसपास किंवा त्याच्याही खाली. त्याच पिशवीत अमोनिया पण साठलेला असतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो बहुतेक अमोनियम या कमी घातक रूपात असतो म्हणून मासा तग धरून असतो. तुम्ही पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वरून टँकचं 8.2 वालं पाणी थेंब थेंब पडायला लागतं, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पीएच एकाने वाढला की विषारी भाग साधारण दहापट. म्हणजे मासा सवय करून घेतोय असं आपल्याला वाटतं आणि तिकडे त्याचे कल्ले जळत असतात. दुकान गल्लीत असेल, मासा अर्ध्या तासात घरी आला असेल तर ड्रिप करा हवं तर, रात्रभराच्या पार्सलला नाही.

मग करायचं काय, तर दुकानदाराला आधीच फोन करून त्याच्या टँकची सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) विचारायची. बरेच दुकानदार मीठ वाचवायला आणि परजीवी थोडे आटोक्यात राहावेत म्हणून 1.018 ते 1.020 वर ठेवतात, आपला रीफ (कोरलचा टँक) असतो 1.025 ला. क्वारंटाइन टँकचं पाणी त्याच्या आकड्याला बनवून ठेवायचं. पार्सल आलं की बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, तापमान जुळलं की पिशवी फोडून थोडं पाणी काढून रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या यंत्राने) बघायचं, फरक असेल तर पिशवीला नाही, टँकला जुळवायचं आणि मासा लगेच आत. पिशवीचं पाणी मोरीत. नंतर सॅलिनिटी हळूहळू वर न्यायची, दिवसाला 0.002 पेक्षा जास्त नाही. खाली आणणं माशाला सोपं जातं, वर चढवणं जड जातं. आणि रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या (समुद्राएवढ्या खाऱ्या) कॅलिब्रेशन सोल्युशनने सेट करून घ्या, नुसत्या आरओच्या पाण्याने शून्य केला तर वरचा आकडा चुकू शकतो.

हौशी_विजापूररोड

काय बे, ठिबक डाळिंबाला लावायची का माशाला 😂

पुणेकरांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त आपल्या गावचं सांगतो. पहिलं म्हणजे मासा निवडतानाच विचार कर, पावडर ब्लू म्हणजे इच (अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी रोग) ओढवून घेणारा मासा, अंगावरचा चिकट थर पातळ, स्वभाव तापट, आणि मोठा होऊन वीतभर होतो, 4 फुटात त्याला पुढे अडचण होणार. ते तुझं तू बघ. पण घेणारच असशील तर क्वारंटाइनशिवाय सोडू नको. दुकानात आठवडाभर राहिला याला काही अर्थ नाही, तिथे सगळ्या टँकला एकच सम्प (फिल्टरची टाकी) असतो आणि रोज नवीन माल येत असतो.

2 फुटी टँक चालेल, पन्नास-पंचावन्न लिटर भरतो, छोटा टँग महिनाभर राहील. वाळू नको, लाइव्ह रॉक नको, कारण दोन्ही कॉपर (परजीवी मारायला पाण्यात घालायचं तांब्याचं औषध) शोषून घेतात आणि मग डोस किती बसला ते कळत नाही. पीव्हीसीचे एल्बो टाक लपायला, एक स्पंज फिल्टर, हीटर आत्ता लागणारच नाही, वर मच्छरदाणीची जाळी बांध कारण टँग उडी मारतो. स्पंज आजच चालू टँकच्या सम्पमध्ये टाकून ठेव, तीनेक आठवडे तरी, बॅक्टेरिया बसले पाहिजेत नाहीतर एवढ्याशा पाण्यात तिसऱ्या दिवशी अमोनिया. म्हणजे मासा आत्ता मागवूच नको, पावसाळा लागू दे. ट्रॅव्हल्सच्या डिकीत मे महिन्यात काय होतं ते दुकानदाराला माहीत नसतं असं नाही, त्याला माल खपवायचाय.

पाणी नळाचं नको, क्लोरीन असतो आणि बोअरचं तर विचारूच नको, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर टाकून बघ म्हणजे कळेल. आरओडीआय फिल्टरचंच पाणी, शून्य टीडीएस. नळाला पाणी रोज येत नाही तर टाकीत आधीच करून साठव.

आता खरी गोम. उन्हाळ्यात टँक थंड ठेवायला आपण पाण्यावर पंखा लावतो, दोन-तीन डिग्री उतरतात, पण आपल्याकडची हवा एवढी कोरडी की पाणी झपाट्याने उडतं. पाणी उडतं, मीठ आणि कॉपर मागेच राहतं. सकाळी कॉपर 2.2 होता तो संध्याकाळी वाढलेला दिसतो. म्हणून काचेला बाहेरून काळी टेप लाव पाण्याच्या रेषेवर, आरओने रेषेपर्यंत भर, तासभर फिरू दे आणि मगच कॉपर मोज. हे न करता आकडा बघून डोस कमीजास्त करशील तर गोंधळ होईल.

टीटीएम_फॅन

प्रत्येक माशाला सरसकट कॉपर द्यायची काय घाई आहे हे मला कधी कळलं नाही. टँग कॉपरमध्ये खाणं सोडतात, आधीच प्रवासाने गळालेला मासा, वरून औषध. टँक ट्रान्सफर (टीटीएम) करा, दोन टब, दर 72 तासांनी मासा स्वच्छ कोरड्या टबमध्ये नव्या पाण्यात हलवायचा, जुना टब धुऊन खडखडीत वाळवायचा, असं चार वेळा. इचचा परजीवी माशावरून गळून तळाला जाऊन कोष करतो आणि त्यातून नवीन पिल्लं बाहेर यायला तीन दिवसांच्या वर लागतात, तोवर मासा तिथून गेलेला असतो. औषधाचा थेंब नाही.

खारंपाणी_पुणे

टीटीएम इचला चालतं, मान्य. पण व्हेल्वेटला (दुसऱ्या एका परजीवी रोगाला) त्याचा भरवसा नाही आणि टँगला व्हेल्वेट लागला तर तो दोन-चार दिवसात संपवतो. इचचे ठिपके मिठाच्या दाण्याएवढे दिसतात, व्हेल्वेटची बारीक पूड टॉर्च तिरपी मारल्याशिवाय दिसत नाही, बहुतेकांना मासा धापा टाकायला लागल्यावरच कळतं. म्हणून पावडर ब्लूला तरी मी कॉपरच म्हणेन. मासा दोन दिवस खायला लागू द्या, नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) पीव्हीसीच्या तुकड्याला रबर बँडने बांधून टाका, मग कॉपर पॉवर (कॉपरचं तयार औषध) सुरू करा, दोन-तीन दिवसात हळूहळू 2.0 ते 2.5 पीपीएम. क्युप्रामाइन हे दुसरं कॉपर औषध असेल तर त्याचा आकडा वेगळा, 0.5, दोघांची गल्लत करू नका. रंग जुळवायच्या किटवर विसंबू नका, हॅना कंपनीचा कॉपर चेकर घ्या, महाग आहे पण माशापेक्षा स्वस्त. महिनाभर एकदाही 2.0 च्या खाली गेला नाही पाहिजे, गेला तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

आणि एक, अमोनिया वाढला म्हणून कॉपर चालू असताना प्राइम (अमोनिया निष्प्रभ करायचं औषध) ओतू नका, ते कॉपरचं रूप बदलतं आणि माशाला जास्त विषारी होतं. त्यावेळी फक्त पाणी बदलायचं, नव्या पाण्यात पण तेवढाच कॉपर घालून. फ्लूकसाठी (माशाला चिकटणाऱ्या कृमींसाठी) प्राझिक्वांटेल औषध नंतर, दोन डोस.

रीफवाला_जुळेसोलापूर

बाप रे, दुकानदाराने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. ठीक आहे, पार्सल थांबवलं, स्पंज आजच सम्पमध्ये टाकतो. पण एक शंका, मधल्या काळात लोकल मित्राकडून दोन कोरलचे फ्रॅग (वाढवायचे तुकडे) घेतोय, कोरलला तर इच होत नाही ना, ते सोडले तर चालेल?

हौशी_विजापूररोड

कोरलला होत नाही, पण फ्रॅगच्या प्लगला (ज्यावर तुकडा चिकटवतात त्या बुडख्याला) इचचे कोष चिकटून येतात, गोगलगायीच्या शंखावर पण. कॉपर तर कोरलला चालतच नाही, लगेच मरतील. त्यामुळे फ्रॅग मासे नसलेल्या वेगळ्या डब्यात 76 दिवस, लाइट आणि पॉवरहेड (पाणी फिरवायचा पंप) लावून. डबा डिस्प्लेपासून लांब दुसऱ्या खोलीत ठेव, एअरस्टोनचे तुषार उडतात. जाळी, मग, नळी सगळं वेगळं, आणि हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय इकडचा हात तिकडे नाही.

रीफवाला_जुळेसोलापूर

76 दिवस?? बायकोला सांगतो हॉलमध्ये अजून दोन टँक येतायत. तिचं उत्तर इथे टाकण्यासारखं नसेल.