जपानी पॉकेट ट्रान्झिस्टर: आवाज वाढवला की फट् फट्, आणि स्टेशनही भलतीकडे

खरखर
मंडळी, जुन्या बाजारात मिळालेला एक जपानी पॉकेट ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचा आहे. फक्त मिडीयम वेव्ह, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. आत सहा ट्रान्झिस्टर: २एसए१५, दोन २एसए१२, २एसबी७५ आणि शेवटी, आउटपुटला म्हणजे स्पीकरसाठी, २एसबी७७ ची जोडी. डायलवर ६४० आणि १२४० किलोहर्ट्झपाशी बारीक त्रिकोण आहेत, ते कशाचे?

आवाज कमी ठेवला तर पुणे केंद्र (७९२) पुसट लागतं, तेही डायलवर ७४० पाशी. आवाज अर्ध्यावर नेला की फट् फट् सुरू. नवी बॅटरी घातली तर हे कमी होतं, उतरलेली घातली तर फार. बॅटरीची क्लिप हिरवी पडली आहे. ट्रान्झिस्टर गेले असतील तर बीसी५५७ टाकून चालेल का? आणि आयएफच्या (मधल्या ठरावीक वारंवारतेच्या) कॉइल थोड्या फिरवून बघू का?

कथील
कॉइलना हात लावू नका, ट्रान्झिस्टरही काढू नका. बॅटरीप्रमाणे फट् फट् कमीजास्त होतं, यातच उत्तर आहे. सप्लायवरचा (बॅटरीच्या पुरवठ्यावरचा) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत द्राव असलेला, वीज साठवणारा) सुकला आहे. आउटपुटची जोडी आवाजाच्या तालावर करंट ओढते आणि बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळे सप्लाय त्याच तालात खालीवर होतो. तो अडवायचं काम या कपॅसिटरचं. तो मेला की हेलकावा मागच्या स्टेजना पोचतो आणि सेट स्वतःच डोलायला लागतो. खात्रीसाठी १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा नवा कपॅसिटर जुन्याला समांतर धरा. फट् फट् थांबलं तर निदान पक्कं.

समांतर धरणं फक्त तपासणीपुरतं. बदलताना जुना काढून टाका, कारण सुकलेला कपॅसिटर गळकाही असू शकतो. अशा सेटात सहसा चार-पाच इलेक्ट्रोलिटिक असतात: आवाजाच्या रस्त्यातले आणि एजीसीचा (स्टेशनच्या जोराप्रमाणे आवाज आपोआप सांभाळणाऱ्या भागाचा) १० मायक्रोफॅरडच्या आसपास, एमिटरचे (ट्रान्झिस्टरच्या एका पायावरचे) आणि सप्लायचा ३० ते १०० पर्यंत. ३० च्या जागी ३३, ५० च्या जागी ४७ बिनधास्त टाका. व्होल्टेज १६ घेतलं तरी आजचे कपॅसिटर जुन्यापेक्षा लहानच असतात. पुसट आवाजाचं खापर मी एमिटरच्या कपॅसिटरवर फोडेन.

दिशा मात्र जपा. २एसए आणि २एसबी म्हणजे पीएनपी (मायनस सप्लायवर चालणारे), त्यामुळे तुमच्या सेटात अर्थ (बोर्डाची सामाईक पट्टी) प्लसला असणार आणि एमिटरच्या कपॅसिटरचं प्लस टोक अर्थकडे येणार. सवयीने मायनस अर्थला लावलंत तर नवा कपॅसिटरही वाया. (सगळे जपानी सेट असे नसतात. सोनीचा १९५७ चा टीआर-६३ एनपीएनवर आहे, तिथे हा नियम उलटा.) आधी फोटो काढा, एका वेळी एकच बदला आणि प्रत्येक वेळी सेट चालवून पाहा.

बोर्ड कागदी फिनोलिकचा आहे, जास्त तापवला की तांब्याची पट्टी उचलते. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरे, एका सांध्यावर दोन-तीन सेकंद. ट्रान्झिस्टरच्या पायाजवळ डाख द्यायची वेळ आली तर पाय चिमट्याने धरा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाईल. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही.

ओहमराव
कथील यांच्याशी सहमत. बीसी५५७ सिलिकॉन आहे, त्याला बेस-एमिटरमध्ये ०.६ व्होल्टच्या आसपास लागतात. तुमच्या सेटातलं बायसिंग (बेसला मिळणारं ठरावीक व्होल्टेज) जर्मेनियमच्या ०.१ ते ०.२ साठी बांधलेलं, त्यामुळे नुसता बदलला तर तो उघडणारच नाही. आउटपुटचा एखादा खरंच गेला असेल तर एसी१२८ ची जोडी टाका. जुना साठा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधावा लागेल. बदलायचे तर दोन्ही, आणि बदलल्यावर करंट पाहायचाच.

करंट मोजायची सोपी रीत: बॅटरी तिरकी करून क्लिपचं एकच बटण लावा आणि उरलेल्या दोन टोकांमध्ये मीटर धरा. आवाज शून्यावर असताना साधारण ५ ते १० मिलिअँपिअर दिसायला हवेत. २० च्या वर गेला तर आउटपुटची जोडी किंवा सप्लायचा कपॅसिटर गळतोय असं समजा.

त्रिकोण अमेरिकेच्या कॉनेलरॅड योजनेचे. हल्ला झाला तर याच दोन जागी ऐकायचं, अशी ती सोय होती. योजना १९५३ पासून दहा वर्षं चालली, म्हणजे तुमचा सेट अमेरिकेत विकण्यासाठी बनलेला आणि बहुधा १९६३ किंवा त्याआधीचा.

चोरबाजारी
क्लिपबद्दल. साध्या झिंक-कार्बन बॅटरीची गळती आम्लधर्मी असते, तिला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने लावा. अल्कलाइनची गळती उलट, तिला व्हिनेगर. मग स्पिरिटने पुसून वाळवा. वायरच्या आतलं तांबं काळं पडलं असेल तर डाख धरणार नाही, तेवढा तुकडा कापून टाका.

मेलेल्या बॅटरीचं टोपण काढून क्लिप करणार असाल तर सावधान: ध्रुव उलटतात. टोपणाचं लहान बटण, जे बॅटरीत प्लस होतं, ते नव्या बॅटरीच्या मायनसवर बसतं. लाल वायर मोठ्या बटणाला गेली पाहिजे.

डबा पॉलिस्टायरिनचा असेल तर अ‍ॅसिटोन, थिनर, पेट्रोल काहीही नको, प्लास्टिक विरघळतं. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, मग ओरखड्यांना ब्रासो. डायलच्या आतल्या बाजूची छपाई घासू नका, ती परत येत नाही. आवाजाच्या बटणाला काँटॅक्ट क्लीनर चालतो, पण गँगमध्ये (स्टेशन लावायच्या बदलत्या कपॅसिटरमध्ये) फवारू नका. त्यात पत्र्यांमध्ये प्लास्टिकच्या पातळ चकत्या असतात.

खरखर
सगळ्यांचे आभार. पाचही कपॅसिटर बदलले. फट् फट् पूर्ण बंद, आवाज मोकळा, करंट ८ मिलिअँपिअर. पण पुणे अजून ७४० वरच, आणि १२०० च्या पुढे सेट बहिरा. आयएफच्या दोन कॉइलचं मेण फुटलेलं दिसतंय.

कथील
म्हणजे आधी कुणीतरी फिरवलंय. आता लावावं लागेल, पण लोखंडी स्क्रूड्रायव्हरने नाही. त्याने फेराइटचा गाभा चिरतो, शिवाय लोखंड जवळ असेपर्यंत माप एक आणि काढल्यावर दुसरं. प्लास्टिकची विणकामाची सुई तासून टोक चपटं करा.

सिग्नल जनरेटर असेल तर ४५५ किलोहर्ट्झ (आयएफची वारंवारता) मॉड्युलेटेड, म्हणजे ऐकू येणारा सूर चढवलेला, वायर फेराइट रॉडजवळ (आतल्या अँटेनाजवळ) नुसती ठेवा, गँग पूर्ण उघडी. स्पीकरवर एसी मीटर लावा. शेवटच्या आयएफपासून सुरू करून मागे या: रंग प्रथेप्रमाणे असतील तर काळी, पांढरी, पिवळी. सिग्नल इतका कमी ठेवा की जेमतेम ऐकू येईल. जास्त दिला की एजीसी माथा (सिग्नलचा सर्वोच्च बिंदू) सपाट करतो आणि नेमकी जागा सापडत नाही. जनरेटर नसेल तर एखादं क्षीण स्टेशन लावून त्याचा आवाज जास्तीत जास्त होईल तशा कॉइल फिरवा. चालतं, पण आयएफ नेमका ४५५ वर बसेलच असं नाही.

मग ऑसिलेटर (सेटातच वारंवारता तयार करणारा भाग), लाल कॉइल. पुणे ७९२ ला ऑसिलेटर १२४७ (७९२ अधिक ४५५) वर हवा. तुमचा तो आताच, ७४० च्या जागी, १२४७ ला पोचतोय, म्हणजे वर सरकलाय. गाभा आत घ्या, वारंवारता उतरेल आणि स्टेशन डायलवर पुढे सरकेल. पडताळणीला दुसरा डिजिटल रेडिओ शेजारी १२४७ वर ठेवा. तुमच्या सेटची सुई ७९२ वरून नेताना त्याची खरखर क्षणभर दबली पाहिजे.

खालचं टोक कॉइलने, वरचं टोक गँगवरच्या ट्रिमरने (बारीक जुळवणीच्या स्क्रूने). त्यानंतर अँटेना: ६०० च्या आसपास रॉडवरची कॉइल सरकवून, १४०० ला दुसरा ट्रिमर. एक टोक लावलं की दुसरं हलतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्याच लागतात. १२०० पुढचं बहिरेपण बहुधा या दुसऱ्या ट्रिमरमध्येच सापडेल.

ओहमराव
हे करताना घरातले एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर बंद ठेवा, नाहीतर गोंगाटाचाच माथा लावत बसाल. झालं की रॉडवरच्या कॉइलला मेणाचा एक थेंब.