हँडलरचा कुत्र्यावर जीव असतो हो, पण सही कुणाची?
लष्करात कुत्री वापरण्याच्या बाजूने म्हणतात की हँडलर, म्हणजे कुत्र्याला सांभाळून कामाला लावणारा सैनिक, त्याला पोटच्या पोरासारखं जपतो, त्यामुळे हाल होण्याचा प्रश्नच येत नाही; शिवाय कुत्र्यालाही काम आवडतं. जपतो, हे मान्यच. पण निर्णय त्याच्या हातात असतो कुठे? व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने सुमारे ४,००० कुत्री वापरली, मायदेशी परतली जेमतेम २००. कागदोपत्री ती लष्करी सामग्री होती, म्हणून निघताना जादा सामान ठेवतात तशी मागे ठेवली. काही दक्षिण व्हिएतनामी सैन्याकडे सोपवली, बऱ्याच जणांना इंजेक्शन देऊन मारलं. हँडलर मागत होते, तरी! निवृत्त लष्करी कुत्री दत्तक देण्याचा कायदा अमेरिकेत व्हायला २००० साल उजाडलं. रॉबी नावाच्या ज्या लष्करी कुत्र्याच्या नावाने तो ओळखला जातो, त्याला स्वतःला त्याचा उपयोग झाला नाही. जुना हँडलर त्याला न्यायला तयार होता, पण रॉबी तोवर फार आजारी होता.

'कुत्र्याला काम आवडतं' हा मुद्दाही मला अर्धाच पटतो. आवडतंच की, पण काय आवडतं? स्फोटकाचा वास लागला की ते गप्प बसून खूण करतं आणि बक्षीस म्हणून चेंडू मिळतो. त्याच्या लेखी सगळा चेंडूचा मामला. खाली सुरुंग आहे हे फक्त आपल्याला ठाऊक. त्यामुळे त्याच्या उत्साहाला संमती समजणं मला तरी सोयीस्कर वाटतं.